चाळीस रोपं मेली का नाहीत

१

चाळीस रोपं मरायला हवी होती आणि त्यातलं एकही मेलं नव्हतं. तक्रार एवढीच होती.

फौजदारांनी ती दोनदा ऐकून घेतली. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी सगळे त्यांना फौजदारच म्हणत. बत्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्यापुढे आलेल्या प्रत्येक तक्रारीत कुणी मेलेलं, कुणी पळालेलं, नाहीतर कुणी लुबाडलेलं असायचं. कुणीतरी जिवंत राहिलं म्हणून गाऱ्हाणं घेऊन आलेली त्यांची वहिनी पहिलीच.

"वहिनी, परत सांगा. सगळं डोक्यावरून गेलं."

"आत या भाऊजी, दाखवतेच."

वहिनी म्हणजे त्यांच्या थोरल्या भावाची बायको. वनस्पती संशोधन केंद्रात ती मोठी शास्त्रज्ञ होती आणि तिथे तिला सगळे नुसतं 'बाई' म्हणत. मागच्या वर्षी भाऊ गेला. त्या दिवसांत दवाखान्याच्या खोलीबाहेर फौजदारच बसून असायचे. येईल त्याला हात जोडायचे आणि परत पाठवायचे. त्यानंतर वहिनी दोन आठवड्यांत कामाला लागली होती, आणि तेव्हापासून दीर-भावजयींमध्ये जेवलात का, बरं आहे ना, याच्या पलीकडे बोलणं झालं नव्हतं. काल तिने आपणहून फोन केला, म्हणून ते आले होते.

खोलीत दोन लांब मांडण्या होत्या. डावीकडे टोमॅटोच्या चाळीस कुंड्या, प्रत्येक कुंडीला लाल दोरा. उजवीकडे चाळीस, पांढरा दोरा. दोन्हीकडची रोपं जराशी मलूल, पण हिरवी.

"मागच्या वर्षी या लाल रोपांच्या आयांना मी तीन आठवडे तहानेवर ठेवलं," वहिनी म्हणाली. "अधूनमधून घोटभर पाणी, पुन्हा उपास. पांढऱ्यांच्या आयांना रोज पोटभर. मग दोघींचं बी धरलं, पेरलं, आणि रोपं वाढल्यावर दोघांचंही पाणी बारा दिवस तोडलं. लाल तगायला हवीत, कारण त्यांच्या आयांनी तहान सोसलीय. पांढरी मरायला हवीत."

"आईने सोसलेलं लेकराला कळतं?"

"तेच तर सिद्ध करायचं होतं." ती स्टुलावर बसली. "तुमच्या चौकीत कायद्याचं पुस्तक होतं ना? छापलेलं पुस्तक सगळीकडे एकच. पण तुम्ही त्यात पेन्सिलीच्या खुणा केल्या असतील. हे कलम रोज लागतं, हे सोडून द्यायचं."

"केल्या होत्या."

"डीएनए म्हणजे ते पुस्तक. त्यातलं अक्षर बदलत नाही. पण त्यावर मेथिल नावाचे बारीक रासायनिक ठिपके बसतात. जिथे दाट बसतात, ते कलम झाड सहसा वाचत नाही. तहान, ऊन, खारं पाणी असं काही सोसावं लागलं की काही ठिपके निघतात, काही नवे बसतात, आणि झाडाची वागणूक बदलते. पानांची छिद्रं लवकर मिटतं, पाणी जपून वापरतं. यातल्या थोड्या खुणा बियांतून पुढच्या पिढीत उतरतात. सगळ्या नाही, आणि कायमच्याही नाहीत."

"आणि पांढऱ्यांना या खुणा नसायला हव्यात."

"नाहीतच. म्हणून त्यांनी मरायला हवं होतं. पंधरा दिवसांनी समिती येतेय. दोन्ही जिवंत दिसली की ते म्हणतील, आयांच्या तहानेचा काही संबंध नाही, ही जातच चिवट आहे. तीन वर्षांचं काम पाण्यात." आपण काय शब्द वापरला हे तिच्या लक्षात आलं नाही. "आणि हे कुणी केलं ते मला ठाऊक आहे. या खोलीची किल्ली एकाच मुलीकडे होती. काल मी तिला घरी पाठवलं."

फौजदारांनी सवयीने दाराकडे पाहिलं. दारात झारी घेऊन उभा असलेला म्हातारा माळी त्यांच्याशी नजरानजर होताच मागे सरकला आणि निघून गेला.

२

त्या मुलीला केंद्रात सगळे टिपण म्हणत, कारण ती सगळ्याचं टिपण ठेवायची. बाईंच्या हाताखाली ती पीएचडी करत होती. बाईंनी हाकललं म्हणजे तिची चार वर्षंही गेली.

तिच्याकडे जाण्याआधी फौजदारांनी कुंड्यांच्या खाली वाकून पाहिलं. प्रत्येक मांडणी एका मोठ्या वजनकाट्यावर उभी होती. काट्याची वायर भिंतीतून बाहेर जात होती.

"ही कुठे जाते?"

"कचेरीतल्या संगणकाला. दर दहा मिनिटांनी वजन नोंदलं जातं," वहिनी म्हणाली. "तिथे आमच्यापैकी कुणाला हात लावता येत नाही."

कचेरीतल्या कारकुनाने बारा दिवसांचा आलेख काढून दिला. फौजदारांना आलेख कळत नसत, पण जिना कळत होता. दोन्ही रेषा जिन्यासारख्या खाली उतरत होत्या. एकही पायरी वर चढलेली नव्हती.

"वहिनी, पाणी घातलं असतं तर वजन वाढलं असतं ना?"

"हो."

"मग कुणीच घातलेलं नाही. हे तुम्ही पाहिलं नव्हतं?"

"पाहिलं होतं." तिने आलेख बाजूला सारला. "तिने काट्यात काहीतरी केलं असेल."

ज्या बाईने आयुष्यभर आकड्यांवर विश्वास ठेवला, ती आज आकडा खोटा आणि पोरगी चोर म्हणत होती. फौजदारांना हे रोपांपेक्षा जास्त बुचकळ्यात टाकणारं वाटलं. त्यांनी आलेख पुन्हा उजेडात धरला. पांढऱ्या कुंड्यांची रेषा लाल कुंड्यांच्या रेषेला जवळजवळ चिकटून उतरत होती. लाल रोपं पाणी जपून वापरत होती हे समजण्यासारखं होतं. पण पांढऱ्यांना काटकसर कुणी शिकवली?

टिपणच्या घरी तिच्या आईने दार उघडलं. टिपण खिडकीशी वह्या खोक्यात भरत होती.

"मी पाणी घातलं नाही," ती आधीच म्हणाली.

"ठाऊक आहे. काट्याने सांगितलं."

तिचे हात थांबले. आपल्यावर कुणी विश्वास ठेवेल असं तिला वाटलं नसावं.

"मग मला सांगा, पांढरी रोपं जगली कशी?"

आईने आतून चहा आणून ठेवला, तो निवत गेला.

"काका, बाईंना त्रास होईल असं मी काही बोलणार नाही," शेवटी ती म्हणाली. "माझी पीएचडी गेली तर गेली."

म्हणजे तिला काहीतरी माहीत होतं. फौजदार जिना उतरताना स्वतःशीच पुटपुटले, कुठेतरी पाणी मुरतंय.

३

"सरसकट सगळं बोगस आहे," शेजारच्या प्रयोगशाळेचे प्रमुख म्हणाले. या शब्दावरून त्यांचं नावच सरसकट पडलं होतं. झाडांच्या आठवणीची ही कल्पना त्यांना पहिल्यापासून मान्य नव्हती, आणि भर सभेत त्यांनी तसं सांगितलंही होतं. "पण चोरीबिरी मी करत नाही. बाईंना हरवायचं तर मी लेख लिहून हरवेन."

"ही जातच चिवट असेल तर?"

"छे. हेच बी माझ्याकडे आहे. नऊ दिवस पाणी तोडलं की मान टाकतात. बारा दिवस हे शक्यच नाही." आणि मग त्यांच्या लक्षात आलं की आपण आपल्याच म्हणण्यावर पाणी ओतलं. ते खजील झाले.

"मग बी बदललं गेलं असेल," फौजदार म्हणाले. "पांढऱ्या पाकिटात कुणी लाल बी भरलं. डीएनए तपासून सांगा."

सरसकट हसले. "दोन्ही एकाच जातीचं. डीएनए सरसकट सारखाच येणार. जुळ्या भावांतला चोर कोणता ते रक्त पाहून सांगा म्हणण्यासारखं आहे हे."

फौजदार गोंधळले. पुस्तक तेच. अक्षर तेच. मग त्यांना पेन्सिल आठवली.

"पण खुणा? त्या वाचता येतात का?"

सरसकटांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "येतात. ते यंत्र माझ्याकडेच आहे. आठ दिवस लागतील." आणि थोड्या वेळाने, "बाईंना चालेल, मी वाचलेलं?"

"त्यांना काय चालतं हे हल्ली मलाही कळत नाही," फौजदार म्हणाले. "तुम्ही वाचा."

आठ दिवस फौजदार रोज केंद्रात येत राहिले. माळ्याला गाठायचा त्यांनी तीनदा प्रयत्न केला. एकदा तो खत आणायला गेला होता. एकदा त्याचं पोट दुखत होतं. तिसऱ्यांदा तो समोरच सापडला, तर खाली मान घालून म्हणाला, "साहेब, मला काही विचारू नका. मी झाडांचा माणूस आहे." त्या माणसाला आपण आधी कुठेतरी पाहिलंय असं फौजदारांना वाटून गेलं, पण कुठे ते काही केल्या आठवेना.

नवव्या दिवशी सरसकट स्वतः कागद घेऊन आले. त्यांचा चेहरा उतरलेला होता.

"पांढऱ्या बियांवर तहानेच्या खुणा आहेत," ते म्हणाले.

४

"म्हणजे अदलाबदलच," वहिनी ताडकन म्हणाली. "मी म्हटलं नव्हतं?"

"थांबा. पुढचं ऐका." सरसकटांनी कागद टेबलावर पसरला. "लाल बियांवर खुणा जास्त आहेत. पांढऱ्यांवर त्यातल्या अर्ध्यामुर्ध्याच. आणि काही तर लालांवर मुळीच नसलेल्या जागी आहेत. हे लाल बी नाही, बाई. याची आई वेगळी, आणि तिनेही तहान काढलीय. लालांसारखी थोडीथोडी, अनेकदा नाही. एकदाच, पण सलग."

फौजदार बोटांवर मोजल्यासारखं मनात मांडत गेले. पाणी कुणी घातलं नाही, हे काट्याने सांगितलं. बी कुणी बदललं नाही, हे खुणांनी सांगितलं. जातीचा चिवटपणा नाही, हे सरसकटांच्या कुंड्यांनी सांगितलं. उरलं एकच. ज्या झाडांना रोज पोटभर पाणी मिळालं असं वहीत लिहिलं होतं, त्यांना ते मिळालं नव्हतं. गुन्हा या खोलीत घडलाच नव्हता. तो वर्षभरापूर्वी घडला होता, आणि रोपांच्या आयांवर घडला होता.

"पांढऱ्यांच्या आया कुठे होत्या?"

"काचघरात. ब खोलीत," वहिनी म्हणाली. तिच्या डोळ्यांत आता रागाऐवजी नुसता गोंधळ होता. "पण त्यांना रोज पाणी होतं, भाऊजी. वही आहे ना."

काचघर परसात होतं. अ खोलीच्या दाराला गंजलेलं जुनं कुलूप होतं, ब खोलीच्या दाराला नवं. फौजदारांनी कडी बोटाने चाचपली. लोखंडावर करवतीचा चरा होता. आधीचं कुलूप कुणीतरी कापून काढलं होतं.

मग त्यांनी ब खोलीची मागच्या वर्षीची वही मागवली. रोज एक पान. कुंड्यांची वजनं, घातलेलं पाणी, खाली सही. प्रत्येक पानाच्या उजव्या कोपऱ्यावर चिखलाचा अंगठा उमटलेला होता. माळी ओल्या हाताने पान उलटत असणार. फौजदार पानं उलटत गेले. अंगठा, अंगठा, अंगठा. मग एक पान स्वच्छ. पुढचंही स्वच्छ. सलग नऊ पानं अशीच, बिनसहीची, एकाच शाईत, वळणदार अक्षरात, आणि वजनं सगळी एकसारखी. दहाव्या दिवसापासून पुन्हा अंगठा.

ते टिपणचं अक्षर होतं; तिच्या घरच्या वह्यांवर त्यांनी ते पाहिलं होतं. खोटी नोंद तिने केली होती.

फौजदारांनी पहिल्या स्वच्छ पानावरची तारीख वाचली. मग नवव्या पानावरची. ते तिथेच एका उलट्या कुंडीवर बसले. या तारखा त्यांना पाठ होत्या. पहिल्या दिवशी भावाला दवाखान्यात नेलं होतं. नवव्या दिवशी तो गेला.

५

माळी या वेळी पळाला नाही. फौजदारांना वही मांडीवर घेऊन बसलेलं पाहिलं तेव्हा त्याला कळलं की आता लपवण्यासारखं काही उरलं नाही. तो समोर उकिडवा बसला.

"माझी किल्ली जुन्या कुलपात मोडली," तो म्हणाला. "बाईंनी नवं कुलूप आणलं. किल्ल्या दोन्ही त्यांच्याच पर्समध्ये. मला एक उद्या देते म्हणाल्या. त्याच संध्याकाळी तुमच्या भावाला दवाखान्यात न्यावं लागलं."

"मग तुम्ही किल्ली मागितली नाही?"

"मागितली की." माळ्याने मान वर केली नाही. "दुसऱ्या दिवशी दवाखान्यात आलो. खोलीबाहेर बाकावर एक साहेब बसले होते. मी म्हटलं, बाईंना भेटायचंय, कामाचं आहे. ते म्हणाले, आत्ता नको, नंतर या. चौथ्या दिवशी परत आलो. ते म्हणाले, तुम्हाला काही माणुसकी आहे की नाही."

त्या बाकावर बसून फौजदारांनी किती लोकांना परतवलं होतं कोण जाणे. शेजारी, नातेवाईक, भावाचे मित्र. त्यातला एक हातात टोपी घेऊन उभा असलेला म्हातारा त्यांना आत्ता दिसला.

"तो मी होतो."

"हो साहेब."

"मी केंद्रात आलो त्या पहिल्या दिवशीच मला ओळखलं होतंत?"

"दारातच ओळखलं. काय बोलणार?"

"मग कुलूप का नाही तोडलं?"

"टिपणताई म्हणायच्या, बाई उद्या येतील, त्यांच्या परवानगीशिवाय कसं तोडायचं. रोज उद्या, रोज उद्या. काचेतून झाडं दिसायची. मोठ्या कुंड्या म्हणून तगली, पण शेवटी पार माना टाकल्या होत्या. नवव्या दिवशी निरोप आला, की बाईंचे यजमान गेले. मग मीच करवत आणून कुलूप कापलं, दुसरं लावलं. पाणी घातलं, तशी दोन दिवसांत उठली. ताई म्हणाल्या, काका, बाईंवर आधीच आभाळ कोसळलंय, त्यात हे सांगायचं नाही. त्यांनी वही भरली. मला सही करायला सांगितलं, मी केली नाही. मला खोटं लिहिता येत नाही. पण बोललोही नाही."

बाहेर कुणीतरी नळ सोडला. फौजदार ते ऐकत बसले. बत्तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांचे गुन्हे शोधले. या वेळी धागा धरत धरत येऊन पोचले ते स्वतःच्याच बाकावर. टिपणने लपवलं ते दयेपोटी. माळी गप्प राहिला तो भिडेपोटी. आणि आपण दाराशी बसलो ते मायेपोटी. आपलेच दात, आपलेच ओठ. कुणाला पकडायचं?

६

वहिनीला त्यांनी तिच्या खोलीत बसून सगळं सांगितलं. काही गाळलं नाही. माळ्याला काय बोललो तेही.

फौजदारांना वाटलं, ती चिडेल, किंवा रडेल. तिने फक्त वही ओढून घेतली आणि ती नऊ पानं एकेक करून पाहिली.

"मी तिला चोर म्हटलं, भाऊजी."

"बोलवा तिला."

टिपण तासाभरात आली. दारातच थांबली. वहिनी उठून तिच्याजवळ गेली. "पाणी तू घातलं नाहीस, हे आकडे सांगत होते. मी ऐकलं नाही. चूक माझी आहे," ती म्हणाली. आणि लगेच पुढे, शिक्षकाच्या आवाजात, "पण ही नोंद खोटी आहे. कितीही माया असली तरी वहीत खोटं लिहायचं नाही. समितीपुढे हे तू स्वतः सांगायचं. मी तुझ्या शेजारी उभी राहीन."

"हो बाई." टिपणचे डोळे भरून आले होते, पण मान ताठ होती.

समितीपुढे त्यांनी तसंच सांगितलं. पांढऱ्या रोपांशी तुलना करता येणार नाही, कारण त्यांच्या आयाही तहानल्या होत्या. प्रयोग या अर्थाने फसला. समितीतल्या दोघांनी मान हलवली आणि कागद मिटायला घेतले. तेव्हा सरसकट उठले. कुणी त्यांना बोलायला सांगितलं नव्हतं.

"मी या कल्पनेच्या विरोधात आहे, सरसकट सगळ्यांना माहीत आहे," ते म्हणाले. "पण पांढऱ्या बियांवरच्या खुणा मी स्वतः वाचल्या. तेव्हा मला किंवा बाईंना त्या नऊ दिवसांचा पत्ता नव्हता. मी लिहून दिलं, या आयांना एकदा सलग तहान पडलीय. त्यानंतर कळलं, की खरंच पडली होती. हे सिद्ध झालं असं मी म्हणत नाही. पण मला आता नक्की काही म्हणता येत नाही, हे खरं. प्रयोग परत करू द्या. मोजणारा मी असेन."

समितीने दोन वर्षं वाढवून दिली. टिपणला समज मिळाली आणि तिची जागाही राहिली. वहीतल्या त्या नऊ पानांवर तिने लाल शाईने आडवी रेघ मारली, शेजारी खरं काय घडलं ते लिहिलं, आणि या वेळी माळ्याने सही केली.

सगळे गेल्यावर फौजदार निघायला उठले. वहिनी खिडकीशी उभी होती.

"भाऊजी, एक विचारू?"

"विचारा ना."

"तुम्ही सगळे त्या नऊ दिवसांबद्दल बोलत होतात. किल्ली, कुलूप, कोण आलं, कोण गेलं." ती बाहेरच पाहत होती. "मला त्यातलं काहीच आठवत नाही. मी तिथे होते एवढं ठाऊक आहे. त्यांनी काय खाल्लं, काय बोलले, मी त्यांच्याजवळ बसले की नाही. पुसून गेलंय. वर्षभर कुणाला विचारायचा धीर झाला नाही. वाटायचं, लोक म्हणतील, कसली बायको ही."

वर्षभर फौजदारही घाबरतच होते, की विषय काढला तर वहिनीला त्रास होईल.

"तुम्ही बसला होतात," ते म्हणाले. "एक मिनिट उठला नाहीत. आठव्या दिवशी दादाने तुम्हाला हसवलंसुद्धा."

"हसवलं?" तिने वळून पाहिलं. "काय म्हणाले?"

फौजदारांनी टोपी पुन्हा टेबलावर ठेवली आणि खुर्ची ओढली. आठव्या दिवसापासून सुरू करून चालणार नव्हतं. त्यांनी पहिल्या दिवसापासून सांगायला घेतलं.